पत्ता बदलला, पण कळवला कुणाकुणाला?

बँकांची संकेतस्थळे नव्या पत्त्यांवर नेण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी होता. परंतु त्यानिमित्ताने संगणक क्षेत्रातील एका जुन्या आणि दुर्लक्षित प्रश्नाकडे पुन्हा लक्ष गेले. एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामला शोधायचे, तर त्याचा पत्ता कुठे लिहून ठेवायचा आणि तो बदलण्याची जबाबदारी कोणाची?

रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी ७ फेब्रुवारी २०२५ रोजी पतधोरण जाहीर करताना बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ या स्वतंत्र नामक्षेत्राची घोषणा केली. त्यानंतर एप्रिलमध्ये निघालेल्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपली संकेतस्थळे या नव्या नामक्षेत्रात हलविण्यास सांगितले. नोंदणीचे काम हैदराबाद येथील ‘आयडीआरबीटी’ या संस्थेकडे सोपविण्यात आले. उद्देश स्पष्ट होता. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन बनावट संकेतस्थळ उभारायचे आणि ग्राहकाचा पासवर्ड लुबाडायचा, या प्रकाराला आळा घालणे आवश्यक झाले होते. ज्या नामक्षेत्रात बँकेखेरीज कोणालाही नाव मिळू शकत नाही, त्या नामक्षेत्रातील पत्ता ग्राहकाने ओळखावा, एवढी साधी अपेक्षा त्यामागे होती.

ग्राहकाच्या दृष्टीने हा बदल पाटी बदलण्याइतका सोपा असतो. जुना पत्ता टंकित केला तरी ब्राउझर त्याला नव्या पत्त्यावर नेऊन सोडतो. परंतु बँकेच्या संगणकाशी बोलणारा केवळ ग्राहक नसतो. वीजबिल भरून घेणारी कंपनी, विम्याचा हप्ता वळता करून घेणारी संस्था, महाविद्यालयाचे शुल्क स्वीकारणारे पोर्टल, व्यापाऱ्याचे हिशेबाचे सॉफ्टवेअर अशा असंख्य यंत्रणा रात्रंदिवस बँकेच्या संगणकाशी परस्पर संवाद साधत असतात. या संवादाला ‘वेब सेवा’ म्हणतात आणि त्या प्रत्येकीला एक पत्ता असतो. तो पत्ता बदलला, तर पलीकडच्या प्रत्येक यंत्रणेला ते कळवावे लागते.

येथेच खरी मेख आहे. माणूस चालविणारा ब्राउझर ‘पत्ता बदलला आहे, पुढे जा’ ही सूचना पाळतो. प्रोग्राम ती पाळेलच असे नाही. पुष्कळ प्रोग्राम सुरक्षिततेच्या कारणाने अशा सूचना मानतच नाहीत. काही त्या मानतात, पण पुढच्या दारी जाताना हातातील पैशाचा तपशील मागेच ठेवून जातात. कारण काही प्रकारच्या पुढे-पाठवणीत माहिती ‘देण्याची’ विनंती नुसती माहिती ‘मागण्याची’ विनंती होऊन बसते. काही यंत्रणांमध्ये केवळ ठराविक पत्त्यांनाच प्रवेश देणाऱ्या याद्या असतात. त्या यादीत नवे नाव नसेल, तर खरा पाहुणाही दारातूनच परत पाठविला जातो. त्यामुळे नामक्षेत्र बदलण्याचा निर्णय एका परिपत्रकाने होऊ शकला, तरी त्याची अंमलबजावणी शेकडो ठिकाणी विखुरलेल्या छोट्या नोंदींवर अवलंबून राहिली.

तालीम, रंगीत तालीम आणि प्रयोग

हा प्रश्न समजून घ्यायचा, तर सॉफ्टवेअरचा जन्म कसा होतो हे पाहावे लागेल. मराठी वाचकाला नाटकाचे उदाहरण परिचयाचे आहे. संहितेचे वाचन होते, मग तालमी होतात, मग नेपथ्य-वेशभूषेसह रंगीत तालीम होते आणि अखेर तिसऱ्या घंटेनंतर प्रयोग सुरू होतो. सॉफ्टवेअरचेही तसेच असते. अभियंता ते आधी स्वतःच्या संगणकावर लिहून पाहतो. नंतर ते चाचणीच्या संगणकावर जाते. त्यानंतर प्रत्यक्षाची हुबेहूब नक्कल असलेल्या संगणकावर त्याची रंगीत तालीम होते. या सर्वांतून पार पडल्यावर ते प्रत्यक्ष वापरात येते.

या चारही ठिकाणी प्रोग्राम तोच असतो, निदान तो तोच असायला हवा. मात्र तो ज्यांच्याशी बोलतो, ती मंडळी प्रत्येक ठिकाणी वेगळी असतात. तालमीत खोटे पिस्तूल आणि कोऱ्या कागदाचे पत्र चालते. चाचणीतही तसेच खोट्या बँकेशी, खोट्या ग्राहकांशी आणि खोट्या पैशांशी बोलायचे असते. म्हणजेच प्रोग्राम न बदलता त्याला दिलेले पत्ते मात्र प्रत्येक मुक्कामी बदलावे लागतात.

आता समजा, अभियंत्याने घाईत हा पत्ता प्रोग्रामच्या पोटातच लिहून टाकला. मग प्रत्येक मुक्कामी प्रोग्राम उघडा, पत्ता बदला, पुन्हा बांधा, हे आले. यात वेळ जातो हा दोष किरकोळ आहे. गंभीर दोष असा, की ज्या प्रोग्रामची चाचणी झाली, तोच प्रोग्राम प्रत्यक्षात चालत नाही. रंगीत तालमीनंतर संहितेतील एक वाक्य बदलून थेट प्रयोगाला उभे राहावे, तसा हा प्रकार होतो.

अशा चुकांचा एक नमुना अभियंत्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. स्वतःच्या संगणकावर काम करताना अभियंता सेवेचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ असा लिहितो. त्याचा अर्थ ‘हाच संगणक’ असा होतो. त्याच्या टेबलावर सारे सुरळीत चालते. तोच पत्ता चुकून प्रत्यक्ष सर्व्हरवर गेला, की तो सर्व्हर बँकेची सेवा स्वतःच्याच पोटात शोधू लागतो. ती तेथे नसते. प्रोग्राममध्ये एक अक्षरही चुकलेले नसते, तरीही व्यवहार बंद पडतो.

नोंदवहीचा प्रयोग

वेब सेवांच्या सुरुवातीच्या काळात या प्रश्नावर एक भव्य उत्तर शोधण्यात आले होते. सन २०००मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा या कंपन्यांनी ‘यूडीडीआय’ नावाच्या नोंदवहीची कल्पना पुढे आणली. जगातील सर्व कंपन्यांनी आपापल्या सेवांचे पत्ते एका सार्वजनिक नोंदवहीत लिहावेत आणि गरजूंनी ते तेथून शोधून घ्यावेत, अशी ती योजना होती. टेलिफोन डिरेक्टरीसारखी ही सोय कागदावर आकर्षक होती. प्रत्यक्षात अनोळखी कंपनीची सेवा नोंदवहीतून शोधून तिच्याशी परस्पर व्यवहार करण्यास कोणी फारसे धजावले नाही. जानेवारी २००६मध्ये ती सार्वजनिक नोंदवही बंद करण्यात आली.

त्याच काळात कंपन्यांच्या आत मात्र एक साधी पद्धत रुळली. पत्ते प्रोग्रामच्या बाहेर एका छोट्या फाइलमध्ये लिहायचे आणि प्रोग्राम सुरू होताना त्याने ती फाइल वाचायची. हिलाच ‘कॉन्फिगरेशन फाइल’ म्हणतात. पुढे २०११मध्ये हेरोकू या कंपनीच्या अॅडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह फॅक्टर अॅप’ नावाची बारा सूत्रे मांडली. त्यांतील एक सूत्र याच विषयाला वाहिलेले आहे. जे मुक्कामागणिक बदलते, ते प्रोग्राममध्ये नको, चालविणाऱ्या संगणकाच्या परिसरात हवे, असे ते सूत्र सांगते. त्याची कसोटीही सोपी आहे. संपूर्ण प्रोग्राम या क्षणी जगासमोर उघडा केला, तर एखादे गुपित फुटेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर काहीतरी चुकीच्या जागी लिहिले गेले आहे.

या कसोटीचे महत्त्व पटविणारी घटना उबर कंपनीत घडली. सन २०१६मध्ये अभियंत्यांच्या खासगी प्रोग्रामसाठ्यात हल्लेखोरांना कंपनीच्या क्लाउड साठवणुकीची किल्ली सापडली आणि तिच्या आधारे जगभरातील सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती गेली. कंपनीने ही गोष्ट नोव्हेंबर २०१७मध्ये उघड केली. पत्ता आणि किल्ली प्रोग्रामच्या आवारात ठेवण्याची सवय किती महाग पडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

आधारने घातलेली अट

भारतातील मोठ्या सार्वजनिक यंत्रणांनी हा धडा बऱ्याच आधी गिरवलेला दिसतो. ‘आधार’च्या प्रमाणीकरणासाठी विशिष्ट ओळख प्राधिकरणाने जे तांत्रिक दस्तावेज प्रसिद्ध केले, त्यांत सेवेचा पत्ता कसा बनतो हे तपशिलाने सांगितले आहे. सर्व्हरचे नाव, सेवेची आवृत्ती, विनंती करणाऱ्या संस्थेचा संकेतांक आणि आधार क्रमांकाचे पहिले दोन अंक अशा तुकड्यांतून तो पत्ता तयार होतो. पहिल्या दोन अंकांमुळे येणाऱ्या विनंत्यांचा भार वेगवेगळ्या सर्व्हरवर वाटता येतो. चाचणीसाठी सार्वजनिक पत्ता वेगळा आणि प्रत्यक्ष सेवेचा पत्ता वेगळा ठेवण्यात आला. प्रत्यक्ष सेवा केवळ सुरक्षित, भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र तारांवरूनच गाठता येईल, असेही सांगण्यात आले. मध्यस्थ संस्थांनी हा पत्ता बदलता येण्याजोगा ठेवावा, अशी सूचनाही त्याच दस्तावेजात आहे.

ही सूचना दिसायला छोटी असली, तरी तिचा अर्थ मोठा आहे. आज दिलेला पत्ता उद्या बदलू शकतो आणि त्यावेळी देशभरातील संस्थांनी आपले प्रोग्राम नव्याने लिहीत बसू नये, हे सेवा देणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवले.

वस्तू व सेवाकराच्या ई-इन्व्हॉइस योजनेतही हीच शिस्त दिसते. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून ही योजना सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३पासून ती ५ कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांपर्यंत आली. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला सरकारी संगणकाशी थेट बोलायचे असेल, तर आधी ‘सँडबॉक्स’ म्हणजे सरावाच्या सर्व्हरवर चाचणी द्यावी लागते. सरावाचा पत्ता वेगळा, प्रत्यक्षाचा वेगळा आणि प्रत्यक्षातही नोंदणीची पोर्टल एकाहून अधिक आहेत. एक पोर्टल अडले तर दुसऱ्याकडे वळता येते. अर्थात, ज्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्ता बदलण्याची सोय आहे, त्यालाच ही मुभा उपयोगी पडते. ज्याच्यात ती नाही, त्या व्यापाऱ्याचा माल मात्र बिलाअभावी गोदामातच राहतो.

तालमीतील संवाद प्रयोगात

पत्ते वेगळे ठेवले म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नाही. वेगळे ठेवलेले पत्ते चुकीच्या मुक्कामी पोहोचले, की नवीच संकटे उभी राहतात.

त्यांतील एक प्रकार विनोदी होता. १७ जून २०२१ रोजी अमेरिकेतील एचबीओ मॅक्स या मनोरंजन सेवेच्या ग्राहकांना ‘इंटिग्रेशन टेस्ट ईमेल क्रमांक १’ अशा मथळ्याचे एक पत्र आले. चाचणीसाठी लिहिलेला मजकूर खऱ्या ग्राहकांच्या यादीवर गेला होता. कंपनीने ही चूक एका प्रशिक्षणार्थीकडून झाल्याचे सांगितले आणि लोकांनीही ते हसण्यावारी नेले. त्या पत्रात पैशाचा व्यवहार असता, तर कोणी हसले नसते.

दुसरी घटना अधिक गंभीर होती. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याला दुय्यम सर्व्हरवरील निकामी माहिती पुसायची होती. प्रत्यक्षात त्याने दिलेली आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालली. दोन्ही सर्व्हरांच्या नावांत जेमतेम एका अंकाचा फरक होता. काही सेकंदांत त्याचे लक्ष गेले, पण तोपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट माहिती पुसली गेली होती. माहितीच्या प्रती ठेवण्याचे इतर मार्ग तपासले, तर त्यांतील बहुतेक निरुपयोगी ठरले. अखेर सुमारे सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने हे सारे उघडपणे जाहीर केले. पुढे योजलेल्या उपायांपैकी एक उपाय अगदी साधा होता. अभियंत्याच्या पडद्यावर तो कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या मुक्कामी काम करीत आहे, हे ठळकपणे दिसावे.

या दोन घटनांतून तज्ज्ञांनी काढलेला निष्कर्ष एकच आहे. पत्ता बरोबर लिहिण्याची जबाबदारी केवळ माणसाच्या सावधपणावर सोडता येत नाही. चाचणीच्या संगणकाने प्रत्यक्ष सर्व्हरचे दार ठोठावलेच, तरी ते उघडता कामा नये, अशी रचना असावी लागते. त्याचप्रमाणे फाइलमध्ये पत्ताच लिहिलेला नसेल, तर प्रोग्रामने गुपचूप एखादा ठरलेला पत्ता गृहीत धरून काम सुरू करू नये. त्याने सुरू होण्यासच नकार द्यावा. सकाळी दहा वाजता बंद दिसलेली यंत्रणा तासाभरात दुरुस्त होते. चुकीच्या पत्त्याशी दिवसभर बोलत राहिलेली यंत्रणा मात्र संध्याकाळी हिशेब जुळेनासा झाल्यावरच लक्षात येते.

दोन केंद्रे, एकाचीच परीक्षा

रंगीत तालीम आणि प्रयोग यांच्या रंगमंचात फरक असला तर काय होते, याचे सर्वांत महागडे उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे आहे. स्पेनमधील साबाडेल बँकेने विकत घेतलेली ही बँक तोपर्यंत लॉइड्स बँकेच्या संगणकयंत्रणेवर चालत होती. एप्रिल २०१८मधील एका शनिवार-रविवारी बँकेने आपल्या ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर हलविली. माहिती सुखरूप पोहोचली, पण यंत्रणा कोसळली. काही ग्राहकांना खाते उघडता येईना, तर काहींना दुसऱ्यांच्या खात्यांचा तपशील दिसू लागला. कामकाज पूर्णपणे पूर्वपदावर येण्यास डिसेंबर २०१८ उजाडला. दरम्यान सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी पॉल पेस्टर यांना पद सोडावे लागले.

नोव्हेंबर २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी अहवालात एक बाब ठळकपणे पुढे आली. नव्या यंत्रणेची दोन केंद्रे एकाच वेळी काम करणार होती. मात्र भार पेलण्याच्या चाचण्या त्यांपैकी एकाच केंद्रावर घेण्यात आल्या होत्या. दोन्ही केंद्रे मिळून काम करू लागल्यावर निर्माण होणारे दोष त्यामुळे आधी दिसलेच नाहीत. डिसेंबर २०२२मध्ये ब्रिटनच्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. त्याखेरीज ग्राहकांना भरपाईपोटी ३ कोटी २७ लाख पौंड द्यावे लागले. पुढच्या वर्षी बँकेच्या माजी माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांनाही व्यक्तिशः दंड झाला. तालमीचा रंगमंच प्रयोगाच्या रंगमंचासारखा होता की नाही, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहत नाही, हे या दंडाने दाखवून दिले.

मुंबईने घेतलेला धडा

अशाच प्रश्नाचा अनुभव मुंबईनेही घेतला आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार थांबले. दूरसंचार जोडणीतील बिघाडापासून सुरू झालेली अडचण बाजाराच्या अंतर्गत यंत्रणेपर्यंत पोहोचली. अशा प्रसंगासाठी दुसऱ्या शहरात पर्यायी केंद्र सज्ज असते. सर्व दलालांचे संगणक त्या केंद्राच्या पत्त्यांकडे वळविणे, हाच त्या व्यवस्थेचा गाभा असतो. त्या दिवशी मात्र व्यवहार तिकडे वळविण्यात आले नाहीत. दुपारी पावणेचार वाजता बाजार पुन्हा उघडला आणि पाच वाजेपर्यंत चालविण्यात आला. मधल्या चार तासांत ज्यांचे व्यवहार अर्धवट अडकले, त्यांना त्याची झळ सोसावी लागली.

यानंतर ‘सेबी’ने मार्च २०२१मध्ये नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बिघडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचे, असे बंधन आले. ते केवळ कागदावर राहू नये म्हणून २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, विशेष सत्र घेण्यात आले. सकाळचे पाऊण तासाचे व्यवहार मुख्य केंद्रातून झाले. नंतरचे तासाभराचे व्यवहार पर्यायी केंद्रातून झाले. १८ मे २०२४ रोजी पुन्हा तसेच सत्र झाले. खरा बाजार, खरे पैसे आणि खरे दलाल घेऊन पत्ता बदलण्याची ही जाहीर रंगीत तालीम होती. गुंतवणूकदारांना तिचे फारसे अप्रूप वाटले नसेल. परंतु संकटाच्या दिवशी पहिल्यांदाच पत्ता बदलून पाहण्यापेक्षा सुटीच्या दिवशी तो बदलून पाहणे शहाणपणाचे, हे तत्त्व त्यातून रूढ झाले.

पत्ते सांगणाराच मुका झाला तर?

सर्व पत्ते एका ठिकाणी ठेवावेत, यंत्राने ते आपोआप अद्ययावत करावेत, हा आजचा कल आहे. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या व्यवस्थेत माणूस पत्ते लिहितच नाही. प्रोग्रामच क्षणोक्षणी ते बदलत असतात. त्यात सोय आहे, तसा धोकाही आहे.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी, भारतीय वेळेनुसार दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात याची प्रचिती आली. तेथील डायनॅमोडीबी या माहितीसाठ्याच्या सेवेचे पत्ते सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेतील दोन भाग एकाच वेळी काम करीत होते. त्यांतील एक रेंगाळला. त्याने जुनी यादी नव्या यादीवर लिहिली. पाठोपाठ दुसऱ्याने जुनी यादी कालबाह्य समजून पुसून टाकली. परिणामी त्या सेवेच्या नावापुढे एकही पत्ता उरला नाही. सेवा चालू होती, सर्व्हर सुरू होते, पण त्यांच्याकडे जायचे कसे हे कोणालाच सांगता येईना. अखेर माणसांना हस्तक्षेप करावा लागला. पत्ता सुमारे अडीच तासांत परत आला, तरी त्यावर अवलंबून असलेल्या इतर सेवा सावरण्यास चौदा तासांहून अधिक काळ लागला. स्नॅपचॅट, रोब्लॉक्स, सिग्नल यांसारख्या सेवांना त्याचा फटका बसला.

त्यापूर्वी ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद होते. देखभालीदरम्यान दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या केंद्रांना जोडणारे जाळे तुटले. केंद्रांशी संपर्क न राहिल्याने कंपनीचे पत्ते सांगणारे सर्व्हर आपणहून इंटरनेटच्या नकाशावरून बाजूला झाले. अशा घातक आज्ञा अडविण्यासाठी असलेल्या तपासणीच्या साधनातही त्या दिवशी दोष निघाला.

म्हणूनच पत्ते प्रोग्रामबाहेर काढले, की काम संपले असे मानणाऱ्यांना या घटना सावध करतात. प्रोग्राममधील एक ओळ बदलायची, तर दोन सहकारी ती वाचतात, चाचण्या होतात, मंजुरी घेतली जाते. फाइलमधील पत्ता बदलताना मात्र ‘नुसता पत्ताच तर आहे’ असे म्हणून तीच शिस्त सैल होते. प्रत्यक्षात परिणाम दोन्हींचा सारखाच असतो, किंबहुना पत्त्याचा परिणाम अधिक लवकर आणि अधिक दूरवर पोहोचतो.

कायद्याची चौकट

पत्त्याला आता कायद्याचेही परिमाण आले आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार पैशांच्या देवघेवीची माहिती केवळ भारतातच साठविणे बंधनकारक झाले. क्लाउड सेवांमध्ये माहिती कोणत्या देशात साठणार, हे पुष्कळदा कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेल्या एका नावाने ठरते. मुंबईच्या केंद्राऐवजी परदेशातील केंद्राचे नाव राहून गेले, तर यंत्रणा बिनतक्रार चालेल. ग्राहकालाही काही जाणवणार नाही. पण नियमाचा भंग मात्र झालेला असेल.

छोट्या बँकांचा प्रश्न

हे सारे लक्षात घेतले, म्हणजे नामक्षेत्र बदलाचा भार सर्वांवर सारखा का पडत नाही हे कळते. मोठ्या बँकांकडे अभियंत्यांचे ताफे असतात. कोणती सेवा कोणत्या पत्त्यावर आहे, याची नोंद ठेवणारे विभाग असतात. नागरी सहकारी बँकांची स्थिती वेगळी आहे. त्यांची संख्या महाराष्ट्रात देशात सर्वाधिक आहे. त्यांतील अनेक बँका आपले सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीकडून घेतात. संकेतस्थळ एकाने बांधलेले, मोबाइल अॅप दुसऱ्याने, मुख्य बँकिंग यंत्रणा तिसऱ्याची आणि संदेश पाठविणारी सेवा चौथ्याची, असा कारभार असतो. अशा ठिकाणी पत्ता बदलायचा, तर चार कंपन्यांना एकाच दिवशी जागे करावे लागते. ज्याने दहा वर्षांपूर्वी पत्ता प्रोग्रामच्या पोटात लिहिला, तो अभियंता केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो.

खर्चाचा मुद्दाही खोटा नाही. रंगीत तालमीसाठी प्रत्यक्षाची हुबेहूब नक्कल उभी करायची, म्हणजे जवळजवळ दुप्पट सामग्री लागते. छोट्या संस्थेला ती परवडत नाही, म्हणून ती चाचणीचा मुक्काम गाळते आणि थेट ग्राहकांसमोर प्रयोग लावते. या बचतीची किंमत अखेर पेन्शन काढायला आलेल्या ज्येष्ठ नागरिकाला आणि पगाराची वाट पाहणाऱ्या कामगाराला मोजावी लागते.

तरीही काही गोष्टींना पैसा लागत नाही. आपली यंत्रणा कोणकोणत्या पत्त्यांशी बोलते आणि कोण कोण आपल्या पत्त्यांशी बोलते, याची एक लेखी यादी हवी. प्रत्येक पत्त्यापुढे तो बदलण्याचा अधिकार असलेल्या माणसाचे नाव हवे. पत्ता बदलताना दुसऱ्या जबाबदार व्यक्तीची सही हवी. बदल फसला, तर जुन्या पत्त्यावर परतण्याचा मार्ग आधीच ठरलेला हवा. आणि वर्षातून एकदा तरी, सुटीच्या दिवशी, हे सारे करून पाहिलेले हवे. सहकारी बँकेच्या संचालक मंडळातील ज्या सभासदाला संगणकाचे ज्ञान नाही, तोही सभेत हे पाच प्रश्न विचारू शकतो. उत्तरे ऐकण्यासाठी तांत्रिक शिक्षणाची गरज नाही. उत्तर देणारा चाचपडू लागला, तर तेही पुरेसे बोलके असते.

नियामकांनाही येथे काही करण्याजोगे आहे. पत्ता बदलण्याची मुदत ठरविताना बँकेचे संकेतस्थळ नव्या नावाने उघडते की नाही, एवढेच पाहून भागत नाही. त्या बँकेशी जोडलेल्या यंत्रणा नव्या पत्त्याशी बोलू लागल्या की नाहीत, जुना पत्ता किती काळ बँकेच्याच ताब्यात राहणार आहे, हेही विचारायला हवे. कारण सोडून दिलेले जुने नाव दुसऱ्याच कोणी विकत घेतले, तर ज्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी हा खटाटोप झाला, तिलाच नवे दार उघडून दिल्यासारखे होईल. जुने नाव जपण्याचा वार्षिक खर्च त्या धोक्यापुढे नगण्य आहे.

घर बदलणारे कुटुंब पोस्टात, गॅसच्या एजन्सीत, शाळेत आणि नातेवाइकांकडे नवा पत्ता कळविते आणि काही महिने जुन्या शेजाऱ्यालाही सांगून ठेवते. कोट्यवधी लोकांचा पैसा ज्या यंत्रणांतून वाहतो, त्यांनी याहून कमी काळजी घ्यावी, असे म्हणता येणार नाही. नव्या पाट्या लागल्या आहेत. आता प्रत्येक बँकेच्या दप्तरात ‘कुणाकुणाला कळवले’ याची यादी आहे की नाही, हे पाहण्याची वेळ आहे.